निकाली म्हणजे काय?

मित्रांनो, मी नगरपालिकेतला एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या तळव्यावर एकच शब्द कोरलेला आहे, आणि माझी पंचाईत अशी की तो मला वाचता येत नाही. शिक्क्यावरची अक्षरे उलटी असतात ना! कागदावर ती सरळ उमटतात, पण ती पाहायला मिळण्याआधीच मला उचलून शाईच्या गादीवर आपटलेले असते. स्वतःचेच नाव वाचता न येणारा माझ्यासारखा बावळट दुसरा नसेल.

एका बोळातल्या शिक्केवाल्याने मला घडवले. चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून त्याने रबरावर अक्षरे कापली, लाकडी मूठ बसवली आणि रद्दीच्या कागदावर मला एकदा उमटवून पाहिले. "झकास! निकाली," तो म्हणाला. तेव्हा मला माझे नाव कळले. अर्थ विचारायचे राहून गेले.

कचेरीत मी एका कारकुनाच्या टेबलावर आलो. त्यांचे आडनाव काही वेगळेच होते, पण शाईने अंगठा कायमचा रंगलेला, म्हणून सगळे त्यांना जांभळेभाऊ म्हणत. त्यांच्यासमोर दिवसभर माणसांची रांग असे. कुणाला दवाखान्यात नर्स हवी, कुणाला वाचनालयाला पंखा, कुणाला शाळेला नळ. माझ्या शेजारचा 'आवक' शिक्का त्या अर्जांवर बसून बसून झिजला. माझे काम वर्षअखेरीस निघे. मग मात्र मी धडाधड पडत असे, आणि शेवटच्या कागदानंतर जांभळेभाऊ "हुश्श! टेबल मोकळं झालं" म्हणत. साहेब त्यांची पाठ थोपटत. त्यावरून माझा समज झाला, की मी टेकलो म्हणजे माणसाचे काम झाले. गाढवपणाच तो.

एकदा वस्तीतल्या शिंपीणमावशी आणि शाळेच्या बाई अर्ज घेऊन आल्या. त्यांच्या शाळेला एकच खोली होती. पहिली-दुसरीची मुले ओसरीवर बसत, मावशींनी जुन्या चादरी जोडून शिवलेल्या छपराखाली. शाळेचे नवे वर्ष सुरू होईपर्यंत दुसरी खोली मंजूर झाली नाही, तर ते दोन्ही वर्ग मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जाणार होते. त्या रस्त्यावर मालाचे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. मावशींची नात पहिलीत होती.

वर्ष संपत आले. जांभळेभाऊंनी घाईघाईत त्या अर्जावर 'सबब अर्ज' एवढे लिहिले आणि पुढे मला टेकवले. कारणाचा रकाना कोराच राहिला.

मावशी अर्जाची प्रत न्यायला आल्या. बोटाने अक्षरे लावत त्यांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा फुलला. "नि-का-ली! बाई, निकाल लागला आपला!"

"लागलाच म्हणायचा," बाई जरा चाचरत म्हणाल्या. निकाल लागला की मुले पुढच्या वर्गात जातात, एवढेच त्यांनाही ठाऊक. जांभळेभाऊ तेव्हा जेवायला गेले होते. दोघी हसत बाहेर पडल्या, आणि मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मीही मनातून फुशारलो.

तीन महिन्यांनी मावशी एकट्याच आल्या. हातात भलीमोठी पिशवी होती.

"भाऊ, गवंडी कधी येणार? पडदे शिवून तयार आहेत."

"कसले पडदे?"

"नव्या खोलीचे. ओसरीवरचं छप्पर उसवून शिवले. आता त्याचं काय काम?"

जांभळेभाऊंनी फाईल उघडली. "मावशी, निकाली म्हणजे अर्ज बंद केला. जागामालकाचं संमतीपत्र जोडलेलं नव्हतं."

"मग तसं लिहायचं की! चार दिवसांत आणलं असतं."

"आता मुदत गेली. वर्ग पलीकडे गेले ना?"

"गेले. मला वाटलं, खोली होईपर्यंतच." मावशींनी पिशवीतले पडदे टेबलावर टाकले. "पोरगी रोज हात वर करून तो रस्ता ओलांडते. भाऊ, आम्ही म्हटलं शाळेचा निकाल लागला. तुम्ही तर शाळेचाच निकाल लावलात!"

मी टेबलावर आडवा पडून होतो. मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. एकच शब्द, त्याने एका घरात पडदे शिवले आणि दुसरीकडे वर्ग बंद केले. यातले खरे कोणते? रागाच्या भरात मावशींनी टेबलावरचे पडदे कवेत घेऊन पिशवीत कोंबले, आणि त्यांच्याबरोबर मीही आत गेलो. जांभळेभाऊंनी ते पाहिले आणि फाईल मिटून ठेवली.

तेव्हापासून मी मावशींच्या दुकानात, शिलाई मशीनच्या खणात, खडू आणि रिळांच्या शेजारी राहतो. तिसऱ्या दिवशी जांभळेभाऊ तिथे आले. अर्जाला काय काय जोडायचे, ते त्यांनी साध्या भाषेत लिहून आणले होते.

"शिक्का राहू द्या तुमच्याकडे. मी नवा करून घेतलाय," ते म्हणाले.

"त्याच्यावर काय लिहिलंय?"

"निकालीच."

"मग बदललं काय?"

"कारण लिहिल्याशिवाय मारणार नाही. माझ्यापुरतं तरी."

अर्ज पुन्हा गेला आहे, संमतीपत्रासकट. सभा अजून व्हायची आहे. पडदे वरच्या फळीवर घडी घालून ठेवले आहेत.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती शिक्का येईल. तो उमटवण्याआधी समोरच्या माणसाला त्याचा अर्थ आपल्या तोंडाने सांगा. कागद वाचता येणे निराळे आणि कळणे निराळे, हे मी फार उशिरा शिकलो.

काल नातीने खणातून मला काढले आणि गिऱ्हाइकांच्या आरशासमोर धरले. जन्मात पहिल्यांदा मी माझी अक्षरे सरळ पाहिली.

"नि-का-ली," तिने वाचले. "आजी, निकाली म्हणजे झालं, की नाही झालं?"

मावशींनी दातांत धरलेला दोरा तोडला आणि एकदा फळीकडे पाहिले.

"पडदे लागले की सांगते," त्या म्हणाल्या.