दुसरा जिना

"आधी टॉवेल भिजव," आई म्हणाली आणि तिने मुलीच्या हातातल्या चपला काढून घेतल्या.

दाराखालून धूर येत होता. जळक्या वायरींचा वास स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता. भर दुपारी दिवे गेलेले, लिफ्ट बंद. मुलीचं घर सातव्या मजल्यावर आणि तिला सातवा महिना.

"अगं, सगळे उतरतायत. चल ना!"

"नाही उतरायचं."

"पण का?"

"एकच जिना आहे. धूर त्यातूनच वर येतोय."

आई नगररचना विभागात होती. आठ मजल्यांपर्यंतच्या इमारतींना असलेली दुसऱ्या जिन्याची सक्ती चार वर्षांपूर्वी उठली, हे तिला कलमाच्या क्रमांकासकट पाठ होतं. जागा वाचली, घरं स्वस्त झाली. नाहीतर मुलीला हे घर कुठलं परवडायला!

समोरच्या घरातले मास्तर जाताना दार वाजवून गेले होते. "चला, फुकटचा व्यायाम!" असं ओरडत ते उतरले, ते तिने ऐकलं होतं. त्यांना हाक मारायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

दोघींनी दाराच्या फटीत ओले टॉवेल दाबले. एक टॉवेल आईच्या हातून दोनदा गळून पडला. मग ती मुलीला घेऊन गॅलरीत आली आणि तिने मधलं दार ओढून घेतलं. खाली माणसं वर बघत होती. बंब फाटकाशी पोचला होता.

तेवढ्यात बाहेरचं दार धडधडलं. पाठोपाठ खोकला. मास्तरांचाच.

आई धावली. कडीवर हात ठेवला आणि तिथेच थिजली. दार उघडलं की धूर आत. मागे पोटुशी पोर.

"आई, उघड!"

तिचा हात हलेना. मुलीनेच तो बाजूला सारून कडी काढली. धुराच्या लोटाबरोबर मास्तर आत कोसळले. दोघींनी दार लोटलं, त्यांना गॅलरीपर्यंत ओढत नेलं.

अर्ध्या तासाने बंबावरचा जवान वर आला. मास्तर भिंतीला टेकून बसले होते, डोळ्यांतून पाणी, पण शुद्धीत.

"खाली उतरला नाहीत, फार बरं केलंत," जवान म्हणाला. "मीटरची खोलीच पेटली, आणि ती जिन्याला लागून. तिसऱ्यावर दोघं बेशुद्ध सापडलीत, दवाखान्यात नेलंय. तुम्हाला कुणी सांगितलं थांबायला?"

"आईने. नगररचनेत आहे ती," मुलगी म्हणाली. तेवढ्यातही तिचा स्वर फुलला होता. आईचा हात तिने घट्ट धरला होता.

"मग मॅडम, दुसऱ्या जिन्याचा नियम कुणी काढला, विचारा की जरा तुमच्या ऑफिसात."

आईने पदराने ओठ पुसले.

"विचारायला नको. तो काढायची टिपणी मीच लिहिली होती."

खालून हाक आली तसा जवान निघून गेला. मास्तरांनी मान फिरवली.

मुलीने हात सोडला नाही. समोरच्या इमारतींकडे बघत तिने विचारलं, "अशा एका जिन्याच्या किती झाल्या गं?"

आई मोकळ्या हाताच्या पेरांवर मोजू लागली. दुसऱ्या बोटावर आल्यावर तिने मूठ मिटून घेतली.