अनुमोदक, विल्फ ऑर्मरॉड

मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी हॉक्सक्लफ टाऊन फुटबॉल क्लबचं बातमीपत्र आलं आणि विल्फ ऑर्मरॉडच्या हातातला चहा तसाच गार झाला.

हंगाम संपल्यावर क्लबाला बातम्या त्या कसल्या असणार? गोलरक्षक आणखी एक वर्ष राहणार. गोलापुढच्या टक्कल पडलेल्या जमिनीत गवताचं बी टाकलं. चहाच्या टपरीचं गळकं छप्पर स्वयंसेवकांनी नीट केलं. त्या स्वयंसेवकांत विल्फही होता, हातोडी त्याच्या अंगठ्यावर बसली होती, पण ते कुणी छापलं नव्हतं. इथवर सगळं ठीक. पाचवी बातमी अशी होती:

"मैदानाच्या पश्चिम बाजूला काचबंद, आसनयुक्त गॅलरी उभारण्यात येत असून त्यामुळे प्रेक्षकांचा अनुभव अधिक समृद्ध होईल. परिणामी मध्यंतरातील ये-जा येत्या हंगामापासून बंद राहील. सभासदांनी नोंद घ्यावी."

विल्फने नोंद घेतली. अशी घेतली की शेजारणीने भिंतीवर थाप मारून विचारलं, काय झालं म्हणून.

हॉक्सक्लफमध्ये आपला संघ ज्या गोलावर चाल करून जातो, त्या गोलामागे उभं राहायची रीत आहे. मध्यंतरात संघ बाजू बदलतात, तेव्हा हातात चहाचा पेला घेऊन सगळं गाव पश्चिमेच्या वाटेने रमतगमत दुसऱ्या टोकाला जातं. पूर्वेला खेळाडूंच्या खोल्या, तिकडून वाट नाही. मोठ्या क्लबांतल्या लोकांना हे सुख नाही. ते बिचारे तिकिटावर छापलेल्या खुर्चीला बांधलेले. आणि आता तेच इथे आणायचं, त्याचं नाव म्हणे अनुभव! लोकांची वाट अडवायची आणि वर समृद्धीची पाटी ठोकायची, ही विद्या हल्ली कुठे शिकवतात कोण जाणे.

पण विल्फचं पोट रीतीसाठी तुटत नव्हतं. ते तुटत होतं हेदरसाठी.

हेदर ही त्याची एकुलती एक लेक, वय त्रेचाळीस, राहणार शेफील्ड. घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला ती गाडी हाकत यायची. पहिला अर्धा भाग बापलेक शेजारी उभे राहून पंचाला शिव्या द्यायचे, बाकी चकार शब्द नाही. घरी टेबलाशी समोरासमोर बसले तर आणखीनच कठीण; मग बटाटे शिजलेत का आणि पाऊस येईल का, एवढंच. पण मध्यंतरात त्या वाटेला लागलं की दोघांच्या नजरा समोर, चाल सारखी, आणि काय व्हायचं देव जाणे, तोंडं उघडायची. "डॉक्टर म्हणतात, तुझ्या आईकडे दोनच महिने आहेत," हे विल्फने तिला त्या वाटेवर सांगितलं. "डॅड, मी त्याला सोडलं," हे तिने त्याला तिथेच सांगितलं, कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी. आठ मिनिटांची वाट. पंधरा दिवसांतून आठ मिनिटं, तेवढाच त्यांचा संसार होता, आणि तोच कुणीतरी काचेने बंद करणार होतं.

सोमवारी सकाळी तो क्लबाच्या कचेरीत धडकला. तिथे मेव्हिस शॉरॉक, क्लबाची चिटणीस, पासष्टीची बाई, पाकिटांवर पत्ते चिकटवत बसली होती. ती सगळ्या जगाला राजा म्हणते, पंचालासुद्धा. फक्त पंचाला म्हणताना सूर वेगळा असतो.

"कुणी ठरवलं हे?" विल्फने बातमीपत्र टेबलावर आपटलं.

"सकाळी सकाळी ओरडू नकोस, राजा. मालकांनी ठरवलं."

"कोण मालक? मालक तर आपणच!"

"मग आपणच ठरवलं असेल."

"मी नाही ठरवलं! तो डंकन ठरवतो सगळं. तोंडात साखर आणि हातात करवत!"

हा क्लब दहा वर्षांपूर्वी मालकाने वाऱ्यावर सोडला, तेव्हा गावाने तो विकत घेतला. एक माणूस, एक मत. विल्फचंही एक आणि डॉक्टरीणबाईंचंही एकच. सभासदांनी निवडलेला अध्यक्ष म्हणजे हा डंकन पिकप. माणूस वाईट नव्हे. कामाला वाघ, फक्त बोलायला लागला की कंपनीचं परिपत्रक वाचतोय असं वाटतं.

"ठराव रद्द करायचा असेल तर विशेष सभा बोलव," मेव्हिस म्हणाली. "तीस सह्या आण. आणि जाताना दार लाव, पाकिटं उडतायत."

विल्फने चार दिवसांत चौसष्ट सह्या आणल्या. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेल्या माणसाची सही घेतली. हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवत खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचा डाव थांबवून घेतली. जो भेटेल त्याला हेच सांगितलं, की आपल्या बापजाद्यांची रीत मोडायला निघालेत हे, जागे व्हा. हेदरचं नाव त्याने कुठेच घेतलं नाही. त्याने सरळ सांगायला हवं होतं; पण सत्तर वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला कोण शिकवणार?

गंमत म्हणजे खुद्द हेदरलाही त्याने काही सांगितलं नाही. रविवारी तिचा फोन यायचा.

"काय चाललंय, डॅड?"

"काही नाही. गवत वाढलंय."

"बरा आहेस ना?"

"बरा आहे. सव्वीस जूनला क्लबात सभा आहे. ये."

"येते."

झालं, संपला फोन. आपलीच पोर आहे, मत कुठे टाकायचं हे तिला काय सांगायचं, असं त्याला वाटलं.

दरम्यान मेव्हिसने सगळ्या सभासदांना मतपत्रिका धाडल्या: मार्चचा ठराव रद्द करावा काय, होय की नाही. सोबत डंकनचं रंगीत चित्र. चित्रात काचेमागे हसरी म्हातारी माणसं मऊ खुर्च्यांवर बसलेली, मांडीवर शाल, आणि खाली लिहिलेलं, 'सत्तरीवरील सभासदांसाठी पहिल्या दोन रांगा राखीव.' विल्फने ते चित्र पाहिलं आणि तो पुन्हा भडकला. या हसऱ्या म्हाताऱ्यांतला एकही हॉक्सक्लफचा नव्हता. हॉक्सक्लफचा म्हातारा सामना बघताना हसत नाही.

सव्वीस जूनला संध्याकाळी सात वाजता क्लबाचं सभागृह तुडुंब भरलं. खिडकीतून मैदान दिसत होतं, पश्चिमेच्या वाटेवर कंत्राटदाराच्या माणसांनी आधीच खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. इतकी घाई! अजून सभा व्हायची होती, मतं मोजायची होती, आणि यांची दोरी बांधून तयार.

हेदर मागच्या रांगेत येऊन बसली होती. विल्फ उभा राहिला. कागदावर लिहून आणलेलं त्याने वाचलं: नव्वद वर्षांची रीत, बाप, आजा, गिरणीतून सुटून तसेच वाटेला लागलेले कामगार. भाषण चांगलं होतं. दोनदा टाळ्या पडल्या. शेवटी तो म्हणाला, "आणि हे सगळं आम्हाला न विचारता! ज्याने कुणी या ठरावाला हात वर केला असेल, त्याला लाज वाटली पाहिजे!"

डंकन शांतपणे उठला. त्याच्या हातात मार्चच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त होतं.

"ठराव क्रमांक नऊ," त्याने वाचलं. "पश्चिम बाजूच्या प्रेक्षक-हालचालीचे सुसूत्रीकरण. सूचक, डंकन पिकप. अनुमोदक..." इथे तो थांबला, आणि माणूस खरंच वाईट नव्हता, कारण त्याचा आवाज उतरला. "अनुमोदक, विल्फ ऑर्मरॉड. ठराव एकमताने मंजूर."

सभागृहात जो हशा पिकला!

"राजा, तूच की रे!" मेव्हिस कपाळावर हात मारून म्हणाली.

विल्फला आठवलं. नववा ठराव शेवटचा होता. आतल्या खोलीतून मटण-बटाट्याच्या हॉटपॉटचा वास येत होता, लाल कोबीचं लोणचं टेबलांवर मांडून झालं होतं, आणि डंकनने "अनुमोदन कुणाचं?" असं तिसऱ्यांदा विचारल्यावर कुणीतरी सुटका करायला हवी म्हणून त्याने हात वर केला होता. त्याच्यामागोमाग सगळ्यांनी. हॉक्सक्लफमध्ये हॉटपॉट गार होऊ देणं हे मोठं पाप.

"सुसूत्रीकरण म्हणजे मला वाटलं, खड्डे बुजवणार!" विल्फ ओरडला. पुन्हा हशा. "हसताय काय? तुम्हाला काय वाटलं होतं? तू, स्टॅन, तुला काय वाटलं होतं?"

"मलाही खड्डेच वाटलं होतं," स्टॅन पुटपुटला.

"मग! वाट बंद करणार असं साध्या शब्दांत का नाही लिहिलं? माणसाला फाशी द्यायची आणि म्हणायचं, मानेचं सुसूत्रीकरण!" त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. हातातला कागद त्याने चुरगाळून टाकला. "आणि ती रीत-बीत सोडा. मी खोटं बोललो. माझा बाप मध्यंतरात घरी जायचा. मला ती वाट माझ्या लेकीसाठी हवी आहे. आम्हाला दुसरीकडे कुठेही बोलता येत नाही. घरी येत नाही, फोनवर येत नाही. तिची आई जाणार हे मी तिला त्या वाटेवर सांगितलं. तुमच्या काचेत मऊ खुर्चीवर बसून मी ते सांगू शकलो नसतो. बस, एवढंच."

तो खाली बसला. कुणी टाळी वाजवली नाही. मागे कुणीतरी नाक शिंकरलं. विल्फने लेकीकडे पाहायचं धाडस केलं नाही.

मग हात मोजले. ठराव रद्द करा म्हणणारे हात इतके वर आले की मेव्हिसने दोनदा मोजले: त्र्याऐंशी. विरुद्ध फक्त नऊ. डंकनचा स्वतःचा हात तर रद्द करा म्हणणाऱ्यांत होता. विल्फने आता मागे वळून पाहिलं. हेदरचा हात खालीच होता. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती जमिनीकडे बघत होती. चारचौघांत आपण तिची अब्रू काढली, असं त्याला वाटलं.

"आता पोस्टाची मतं," मेव्हिस म्हणाली. आधीच आलेली, सीलबंद. ज्यांनी पोस्टाने मत दिलं, त्यांनी सभेत हात वर करायचा नाही, असा नियम. पाकिटं फोडली. रद्द करा, चौदा. कायम ठेवा, एक्क्याण्णव.

सत्त्याण्णव विरुद्ध शंभर. तीन मतांनी वाट गेली.

सभागृहात बोंब उठली. गावापासून शंभर मैलांवर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे हे लोक कोण, वर्षातून एकदा येणारे, रंगीत चित्र बघून शिक्का मारणारे! कुणी म्हणालं, पुन्हा मतदान घ्या. मेव्हिसने नियमांची वही उघडली आणि मान हलवली. एका विषयावर वर्षातून एकच विशेष सभा. हा नियम कुणी केला? मालकांनी. म्हणजे आपणच.

विल्फ तडक बाहेर पडला. उन्हं अजून उतरायची होती. त्याने दोरी ओलांडली आणि तो पश्चिमेच्या वाटेने चालू लागला, ऑगस्टमध्ये इथे काच येणार होती. मागून पावलं वाजली. हेदर बाजूला आली आणि तिने चाल जुळवली. दोघं समोर बघत चालले.

"डॅड," ती म्हणाली, "मी पोस्टाने मत दिलं होतं."

"दिलंस ना? मग झालं. चौदांतली एक तरी माझी."

"चौदांतली नाही."

विल्फ दोन पावलं चालला आणि थांबला.

"जानेवारीत सामने बंद होते, तेव्हा तू इथे बर्फ काढताना घसरलास," ती भराभर बोलत होती. "तीन आठवडे गुडघा सुजला होता, मला मेव्हिसकडून कळलं, तू सांगितलंस तरी का? मग ते चित्र आलं. सत्तरीवरच्यांना पुढच्या रांगा. मला वाटलं, निदान तू बसशील तरी. तुला हवं असेल असं वाटलं. सभेला ये म्हणालास, मला वाटलं, खुर्च्यांच्या बाजूने बोलवतोयस."

"माझ्या गुडघ्याच्या नावाने मत द्यायला तुला सांगितलं कुणी?" विल्फचा आवाज मैदानभर गेला. "परक्यांनी केलं तर समजू शकतो! आपलेच दात आणि आपलेच ओठ!"

"मग तू सांगायचं होतंस! सात आठवडे होते! गवत वाढलंय म्हणालास! गवत!"

"कुठे सांगणार होतो?" विल्फ ओरडला. "एप्रिलनंतर सामना झालाय कुठे?"

हेदरने डोळे पुसले आणि रागाने एका खुंटीला लाथ मारली. खुंटी हलली नाही, पाय मात्र दुखला. विल्फने दंड पुढे केला, तो तिने झिडकारला आणि लगेच धरला.

ती दोघं दुसऱ्या गोलापर्यंत गेली. तिथे बघायला काही नव्हतं. तेव्हा ती वळून त्याच वाटेने परत निघाली, कारण तिने गुडघ्याबद्दल बोलायला सुरुवात केली होती आणि त्यालाही पुष्कळ बोलायचं होतं.