पोल्ट्रीवरचा कडू घास

मंगलला जाऊन आठवडा झाला, तरी आप्पासोच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. साधा ताप म्हणून बायकोला सातारच्या दवाखान्यात नेलं आणि औंधच्या अलीकडच्या या वस्तीवर परत आणली ती आडवी घालूनच. तेव्हापासून आप्पासो अंगणात घोंगड्यावर बसून होता. खांदा दे म्हणाले, दिला. माती सावडायला चल म्हणाले, गेला. ऊठ म्हटलं की उठायचा, बस म्हटलं की बसायचा.

भेटायला येणाऱ्यांची त्यामुळं मोठी पंचाईत झाली होती. दुखवट्याला आलेल्या माणसाला समोरचा रडला की बरं वाटतं. आपण आलो ते कामी लागलं असं होतं. इथं सगळाच उलटा कारभार. "मोकळा हो रं गड्या, आत ठिवू नगंस," असं सांगून सांगून पाहुणे दमायचे आणि शेवटी आपलेच डोळे पुसत वाटेला लागायचे. आप्पासोनं रडून बघितलंही होतं, नाही असं नाही. मंगलचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला गेला तर शिरवळच्या कंपनीतलं त्याचं मशीन आठवलं, त्याचा पट्टा बदलायला झालाय हे आठवलं. मग त्यानं तो नाद सोडला. आत दुःख तरी असेल असं त्याला वाटलं होतं, पण आत काहीच नव्हतं.

त्या दिवशी दुपार कलल्यावर पप्पू, त्याचा नववीतला पोरगा, शेरडं हाकत ओढ्याकडून आला. शेरडं तशीच दारात सोडून तो सरळ चुलीपाशी, बहिणीकडं गेला.

"ताई, पोल्ट्रीवरच्या भैयाची आई मेली."

सोनिया बारावीला. आई गेल्यापासून घर तिच्याच अंगावर पडलं होतं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "कवा?"

"सकाळी फोन आला म्हणं त्याला. नुसता बसलाय मोबाईल हातात धरून. त्याच्या गावाला पोचायला दोन दिवस लागत्यात. तवर कोण थांबतंय? नेलीबी तिला."

ओढ्यापलीकडं सातारच्या कुणा मालकाची कोंबड्यांची लांबच लांब शेड होती. तिथं झारखंडचा बुधन नावाचा माणूस एकटा राहायचा आणि कोंबड्यांचं खाणंपिणं बघायचा. वस्तीला तो 'भैया' एवढाच ठाऊक होता. त्याला आई असेल, हा विचार वस्तीवर कुणी केला असण्याचं कारणच नव्हतं.

"जेवलाय का त्यो?" सोनियानं विचारलं.

"कोण घालतंय त्याला?"

आत भावंडांची कुजबुज झाली. थोड्या वेळानं तव्याचा आवाज आला, पिठल्याला फोडणी बसली. आप्पासोला हे सगळं ऐकू येत होतं. ऐकू येण्यापलीकडं त्याचं काही होत नव्हतं.

मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, सोयरेधायरे पिठलं-भाकरीची पाटी घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. घरच्यांच्या घशाखाली काही उतरत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून पहिला घास आपल्या हातानं खायचाच नसतो. तो दुसऱ्यानं तोंडात भरवायचा. मंगलला पोचवून आल्यावर आप्पासोच्या घरीही अशा पाट्या आल्या होत्या. पण घास येतो तो शेजाऱ्याकडून, आणि बुधनचे शेजारी म्हणजे कोंबड्या.

टोपल्यावर फडकं झाकून सोनिया बाहेर पडली. मागं पाण्याचा तांब्या घेऊन पप्पू. अंगणात आप्पासोचा चुलता कोंडीबा बसला होता. भावकीतला तो थोरला माणूस. रीतभात कुठं मोडते ते बघायला सदा तयार.

"कुठं गं निघालीस?"

"पोल्ट्रीवर, आज्जा. भैयाची आई गेली. कडू घास न्यायचाय."

कोंडीबा ताडकन उठला. "डोकं फिरलंय का तुजं? सुतकातल्या घरातनं शिजलेलं अन्न भाईर जातंय व्हय कुठं? दहा दिस हितलं पाणीसुदीक कुणी पीत न्हाई!"

"त्येबी सुतकातच हायती की आज्जा," सोनिया म्हणाली. "सुतकाला सुतक कशाचं लागतंय?"

पोरीनं असं तोंडावर उत्तर द्यावं याचा कोंडीबाला जास्तच राग आला. "ना नात्याचा ना गोत्याचा! घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं! आप्पा, आवर रं तुज्या पोरांस्नी."

पोरांनी बापाकडं बघितलं. हो म्हणायचं का नाही, हेच आप्पासोला ठरवता येईना. तो त्यांच्याकडं बघत राहिला. पोरं क्षणभर थांबली आणि ओढ्याच्या वाटेला लागली.

"बरं," कोंडीबा खाली बसत म्हणाला. "मग माजंबी ऐक. ही पाटी तिथं पोचली, तर मंगलच्या तेराव्याला भावकीतलं एक माणूस तुज्या दारात पंगतीला बसणार न्हाई. यमाईची आण. सोन्यासारखी बाई, तिच्या नावाची पानं मोकळी ऱ्हातील. चालतंय तुला? न्हाई ना? मग जा, माघारी आण त्यास्नी."

तेराव्याची पानं मोकळी राहणं म्हणजे काय, ते आप्पासोला कळत होतं. मेलेल्या माणसाची त्याहून मोठी बेअब्रू नाही. मंगल आयुष्यभर या भावकीच्या लग्नाबारशाला राबली होती. तिला शेवटचं जेवण तरी भरल्या पंगतीचं मिळायला हवं होतं. आणि दुसरं असं, की त्याला जा म्हणून सांगितलं होतं. तो उठला, पायांत चपला सरकवल्या आणि गेला.

ओढ्याला पाणी नव्हतं. पलीकडच्या शेडमधून कोंबड्यांचा कलकलाट येत होता. खाद्याच्या पोत्यांची थप्पी लागली होती, तिच्याआड आप्पासो पोचला आणि हाक मारायला तोंड उघडून तसाच थांबला.

शेडच्या कट्ट्यावर बुधन बसला होता. असेल तिशीचा. हात कोंबडखाद्यानं पिवळे झाले होते. आई मेल्याचा फोन घेऊनही त्यानं कोंबड्यांना घातलेलं दिसत होतं. समोर टोपलं उघडं होतं आणि तो मान हलवत होता. "नहीं बहन. भूख नहीं है."

"भूक का सवाल नहीं," सोनिया म्हणाली. तिचं हिंदी सगळं टीव्हीवरचं, अडलं की मराठीची ठिगळं लावलेलं. "ये कडू घास है. हमारी आईबी गयी ना, मागच्या हप्ते. तब सब लोग लाया. ये खाना पडता है."

"मै बी नहीं खाता था," पप्पूनं भर घातली. "अंबू आज्जीनं मेरा नाक दाब्या. फिर तोंड उघडाच."

बुधनच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. सोनियानं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि घास त्याच्या तोंडासमोर धरला. त्यानं तोंड उघडलं नाही. तिनंही हात मागं घेतला नाही.

"इसको दादी ने खिलाया," बुधननं पप्पूकडं बोट केलं. "तुमको किसने खिलाया?"

सोनियानं हातातल्या घासाकडं बघितलं. पप्पू तिच्याकडं बघायला लागला. पोत्यांआड आप्पासोही आठवायला लागला. शेजारच्या अंबूबाईनं पप्पूला भरवलं होतं. त्याला स्वतःला मेहुण्यानं भरवलं होतं. सोनिया तेव्हा कुठं होती?

"मैं वाढत होती," ती म्हणाली. "सबको."

बुधननं तिच्या हातातला घास काढून घेतला. पिवळे हात त्यानं आधी पँटला पुसले आणि तो घास तिच्याच तोंडापुढं धरला. "पहले तुम."

सोनियानं तोंड उघडलं. एकदा चावलं, दोनदा चावलं आणि तिथंच, तोंडात घास असतानाच, ती रडायला लागली. आठ दिवस जिनं घर लोटलं, पाहुण्यांना पाणी दिलं, बापापुढं ताट ठेवलं आणि न खाल्लेलं उचललं, ती पोरगी परक्या माणसापुढं लहान पोरासारखी हुंदके देत होती. पप्पूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिनं नाक पुसलं, दुसरा घास मोडला आणि हात पुढं केला. या खेपेला बुधननं तोंड उघडलं.

आप्पासो पोत्यांना टेकला. छातीत काहीतरी हललं होतं. पहिल्यांदा त्याला वाटलं, दुखतंय. मग कळलं, हे दुखणं नाही, हा अभिमान आहे. ही माझी पोरं आहेत. स्वतःच्या घरात मयताची राख अजून गार व्हायची आहे आणि ही कुणाच्या कोण माणसाला घास घालायला आलीत. त्यांना हे कुणी शिकवलं? मी तर नाही. मी सोमवारी पहाटेच्या एसटीनं शिरवळला जातो आणि शनिवारी येतो.

पोरांना हाक न मारता तो माघारी फिरला. येताना चालणं आपोआप भरभर झालं.

कोंडीबा वाटच बघत होता. एव्हाना भावकीतली आणखी दोघं-तिघं येऊन बसली होती. "कुठं हायती पोरं?"

"जेवत्यात," आप्पासो म्हणाला.

"तिथं? त्या भैयासंगं?"

"व्हय."

"आन् तेरावा?"

"घालणार की. यायचं त्यानं यावं, तात्या." आठवड्यात तो एवढं बोलला नव्हता, त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "तुमी न्हाई आलासा तर त्यो भैया बसंल पंगतीला. मंगलला चालंल. पोरं तिचीच हायती."

कोंडीबानं काठी उचलली, खाली ठेवली आणि परत उचलली. पण आप्पासोचं तिकडं लक्ष नव्हतं. त्याला घाई झाली होती. अंगण ओलांडून तो सरळ आत गेला, चपला काढायचंही भान राहिलं नाही, आणि स्वैपाकघराच्या दारातून मोठ्यानं म्हणाला,

"मंगल, आगं आज आपल्या पोरांनी काय केलंय, ठावं हाय का?"

चुलीपाशी कोणी नव्हतं. फोडणीची कढई पालथी घातलेली होती. बाहेर अंगणातल्या माणसांनी दाराकडं माना वळवल्या.

आजवर हे काम मंगलचं असायचं. शनिवारी तो जेवायला बसला की पोरांनी आठवड्यात काय काय केलं ते ती सांगायची आणि तो भाकरी कुस्करत नुसता हं हं करायचा. आज पहिल्यांदाच तिला माहीत नसलेलं काहीतरी त्याच्याकडं होतं, आणि सांगायचं तर तिलाच होतं. दुसऱ्या कुणाला सांगून ते पुरं होणारं नव्हतं. दाराची चौकट धरून तो उभा राहिला. मंगल मेली आहे, हे त्याला आत्ता कळलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मागं पायांचा आवाज झाला. टोपलं घेऊन सोनिया आणि पप्पू येऊन उभे होते. डोळे सुजलेले, पायांना ओढ्याची धूळ. अंगणातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, किंवा त्यांनी ऐकलंच असावं.

"सांगा की आबा," सोनिया हळूच म्हणाली. "काय केलं पोरांनी?"

आप्पासो तिथंच उंबऱ्यावर खाली बसला. पोरं समोर बसली. मग त्यानं त्यांना सगळं सांगितलं, जसं काही त्यांनी ते बघितलंच नव्हतं. आपल्या पोरानं पोल्ट्रीवरून बातमी आणली. आपल्या पोरीनं पिठलं केलं, भाकरी थापली, थोरल्या माणसाला तोंडावर उत्तर दिलं. त्या परक्या माणसानं तोंड उघडलं नाही, तरी तिनं हात मागं घेतला नाही. सांगता सांगता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. ते हनुवटीवरून सदऱ्यावर पडत होतं आणि तो सांगतच होता. सोनिया मान हलवत ऐकत होती.

"आबा," पप्पू मधेच म्हणाला. "कांदा म्या फोडलेला."

"व्हय," आप्पासो म्हणाला. "कांदा तू फोडलास."