झोपेत गेले, सुखानं गेले

मयताच्या घरी काय बोलायचं, हे पुढाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हातारं माणूस गेलं असेल तर 'सोनं झालं', कर्तं माणूस गेलं असेल तर 'देवालाही चांगलीच माणसं लागतात.' खासदार उज्वला तांडेल नावड्याला पोपट सोनकांबळेच्या घरी गेली, तेव्हा समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली आणि इथे देवाचं नाव काढायचं नाही, एवढं भान तिनं राखलं. मग जिभेवर जे दुसरं वाक्य तयार होतं, ते ती बोलून गेली. पोपटची बायको मुक्ताबाई भिंतीला टेकून बसली होती. तिचा हात हातात घेऊन उज्वला म्हणाली, "झोपेत गेले, सुखानं गेले. त्रास झाला नाही, हे तरी समाधान."

दारात उभ्या असलेल्या शेजारणीनं ते मोबाईलवर टिपलं. हल्ली सांत्वनालाही प्रेक्षक लागतात.

पोपट ट्रेलर चालवायचा. ऐन मे महिन्यात, भर दुपारी, कंटेनर यार्डाच्या गेटपुढच्या रांगेत उभ्या असलेल्या गाडीत तो गेला. केबिन तापून भट्टी झालेली, आणि त्याचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं. मागच्या ड्रायव्हरला वाटलं डुलकी लागली असेल. तिथून जो तो तेच म्हणू लागला, आणि उज्वलानं त्यावर खासदारकीचा शिक्का मारला.

हे तिला कळलं ते महिन्याभरानं. मुक्ताबाईचा मुलगा अभय तिच्या सीवूड्सच्या ऑफिसात आला. तळोज्याच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता, बोलायला नेमका.

"मॅडम, भरपाईच्या केसमध्ये मालकाच्या वकिलानं तुमचा व्हिडिओ लावला."

"माझा? कसला?"

"आमच्या घरातला. तो म्हणतो, गाडी उभी होती, ड्रायव्हर आराम करत होता, म्हणजे ड्युटीवर नव्हता. बघा, खासदारसुद्धा म्हणतात झोपेत गेला. जज साहेबांनी पण दोनदा ऐकलं."

भाषणं करून करून माणसाला एक खोड लागते, आपल्या बोलण्यानं कुणाचं काही होत नाही असं वाटायला लागतं. चांगलं होत नाही हे ती केव्हाच शिकली होती. वाईट होतं, हे आज समजलं.

दुसऱ्याच दिवशी ती नावड्याला गेली. मुक्ताबाई चिडेल, रडेल, दोन शब्द सुनावेल अशी तिनं मनाची तयारी केली होती. मुक्ताबाईनं आधी चहा टाकला.

"ताई, रांगेत झोपता येतं व्हय?" कप पुढे सरकवत ती म्हणाली. "पुढची गाडी हातभर सरकली की आपली सरकवायची. न्हाई सरकवली तर मागचे भोंगे वाजवत्यात, कुनीतरी मधी घुसतं. लघवीला जायचं तरी दुसऱ्याला चावी देऊन जायाचं. घरी आले की सांगायचे सगळं. झोप म्हनत्यात त्याला?"

"मी कोर्टात सांगेन, वहिनी. लेखी देईन."

"भरपाईचं काय ते कोर्ट बगंल. माझं येगळं हाय. चार लोकांत तुमी म्हनलात, झोपेत गेले. आता आख्खी कॉलनी म्हनती, पोपट झोपा काढत व्हता. तवा चार लोकांतच म्हना, कामावर व्हते. बास. दुसरं काय नगं मला."

चार लोकांत म्हणायचं, तर खासदाराची चार लोकं म्हणजे लोकसभा. पत्रक काढून मोकळं व्हावं असं उज्वलाला एकदा वाटलं, पण पत्रक वाचतो कोण? शिवाय पोपट एकटा नव्हता. मालवाहतुकीचं नवं राष्ट्रीय धोरण सरकार तयार करत होतं. त्यात रस्ते होते, गोदामं होती, गाड्यांचा वेग होता. गाडीत बसलेल्या माणसाच्या थांबण्याबद्दल एक ओळ नव्हती.

करावेच्या घरी रात्री जेवताना तिनं वडिलांपुढे, हिरामण तांडेलांपुढे विषय काढला. म्हाताऱ्यानं जन्म खाडीत घातलेला.

"बाबा, नुसतं वाट बघत बसणं म्हणजे काम असतं का?"

हिरामणनं माशाचा काटा बाजूला ठेवला. "जालां लावून होडीत बसलेला मानूस घरी बसलाय असं कोन म्हनंल गो? पानी आमच्या हातात नाय, म्हनून का आमी रिकामं?" आणि भात कालवत पुटपुटला, "लोकं निवडून देतात तरी कशाला तुमाला."

तिनं प्रश्न टाकला. राष्ट्रीय धोरणात ट्रेलर-ट्रकचालकांचा रांगेतला वेळ कामाचा धरणार की नाही? संसदेत प्रश्नांच्या चिठ्ठ्या निघतात, वर्षानुवर्षं नंबर न लागणारे खासदारही असतात. उज्वलाचा लागला, तोही वरचा. असा प्रश्न पुकारला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि विचारणाऱ्याला उलट प्रश्न करता येतो. तिनं मुक्ताबाईला फोन करून सांगितलं, टीव्ही लावून बसा.

प्रश्नाच्या दिवशी सकाळी मंत्रालयाचं छापील उत्तर हातात आलं. 'वाहन रांगेत उभे असताना चालक विश्रांती घेत असतो. सबब या वेळेची कामाचे तास म्हणून गणना करण्यात येत नाही.' उज्वलानं ते पुन्हा वाचलं. वाक्य ओळखीचं वाटलं. वाटणारच, ते तिचंच होतं. फक्त सरकारी इस्त्री फिरवली होती.

तेवढ्यात पक्षाच्या गटनेत्यानं सगळ्यांना बोलावून घेतलं. फलक वाटले गेले. कामगार कायद्यांच्या निषेधार्थ आज कामकाज बंद पाडायचं होतं.

"सगळ्यांनी पुढे उतरायचं. जागेवर कुणी बसणार नाही."

"साहेब, माझा प्रश्न आहे आज," उज्वला म्हणाली. "कामगारांचाच आहे."

"उत्तर छापून मिळालं ना तुम्हाला? मग झालं की."

"त्या उत्तरावरच तर विचारायचंय."

"बाई, कामगारांसाठी सभागृह बंद पाडतोय आपण. एका कामगारासाठी चालू ठेवायचं का?"

या प्रश्नाला उत्तर असतं, पण ते गटनेत्याला देण्याची पद्धत नाही.

सभागृह भरलं आणि लगेच गोंधळ सुरू झाला. उज्वलाही अध्यक्षांच्या आसनासमोर उतरली. हातात फलक होता, 'कामगारांना न्याय द्या', आणि डाव्या-उजव्या बाजूचे सहकारी घसा फोडून तेच ओरडत होते. अध्यक्षांनी तिच्या प्रश्नाचा क्रमांक पुकारला. मंत्र्यांनी उत्तर पटलावर ठेवल्याचं सांगितलं आणि ते बसले. अध्यक्षांनी वाकून तिच्याकडे पाहिलं.

"माननीय सदस्या, आपल्याला पुरवणी प्रश्न विचारायचाय, की पुढे जायचं?"

समोरच्या बाकांवर हशा पिकला. पुढे गेलं की संपलं. पोपट विश्रांती घेत होता, हेच देशाच्या दप्तरात कायमचं राहणार होतं. उज्वलाला भीती वाटली. तिकीट, पद, पुढची निवडणूक, सगळं त्या चार पावलांत होतं. तिनं फलक शेजारच्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "ताई, काय करताय?" ती उत्तर न देता आपल्या जागेवर गेली आणि माइकसमोर उभी राहिली.

लिहून आणलेलं भाषण तिला आठवेना. ती मराठीतच बोलली.

"अध्यक्ष महोदय, नावड्याचे ट्रेलरचालक पोपट सोनकांबळे रांगेत, केबिनमध्ये वारले. मी त्यांच्या घरी जाऊन म्हणाले, झोपेत गेले. मी चुकीचं बोलले. ते कामावर होते. आज मंत्रिमहोदय माझीच चूक छापून देतायत. गाडी उभी राहिली की माणूस कामावर नसतो, असं सरकारचं धोरण आहे का? हो की नाही, एवढंच सांगा."

मंत्री उठले. कागद उलटसुलट केले. "मुद्दा दखल घेण्यासारखा आहे, मसुद्यात विचार करू," एवढं म्हणेपर्यंत गोंधळ इतका वाढला की अध्यक्षांनी कामकाज तहकूब केलं. बाहेर गटनेत्यानं नुसते फलक गोळा करून घेतले. पुढच्या आठवड्यातल्या चर्चेच्या यादीतून मात्र उज्वलाचं नाव गेलं. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण हलकंही वाटलं.

शनिवारी ती विमानतळावरून थेट नावड्याला गेली. आता तरी मुक्ताबाईच्या चेहऱ्यावर काही दिसेल, या आशेनं आत शिरली. अभयनं खुर्ची पुढे केली आणि अवघडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही उभ्या राहिल्या असाल असं वाटलं, पण टीव्हीवर नुसते अध्यक्ष दिसत होते. आणि तो कल्ला! 'कामगारांना न्याय द्या', एवढंच ऐकू आलं. तुमचा एक शब्द कळला नाही."

उज्वला खुर्चीत बसली. ज्यांच्यासाठी बोललो त्यांच्याच कानांपर्यंत पोचलं नाही, आणि आड आले ते आपलेच लोक.

"तिथल्या कागदावर आलंय," ती कशीबशी म्हणाली. "मी आणून देते."

"कागूद कोर्टाला द्या," मुक्ताबाई म्हणाली. "मला आता म्हना."

दारात शेजारपाजार जमला होता. तीच शेजारीण, तोच मोबाईल, पण या वेळी तिनं तो लाजून खाली धरला होता. मुक्ताबाईनंच तिला खूण केली, धर वर. उज्वला पहिल्या दिवशी बसली होती तिथेच जमिनीवर जाऊन बसली आणि मुक्ताबाईचा हात तिनं हातात घेतला.

"वहिनी, मी चुकले. पोपटभाऊ झोपेत नव्हते. ते कामावर होते."

मयतापासून आजवर डोळ्यांतून टिपूस न काढलेली मुक्ताबाई शेजारणीकडे वळली.

"घेतलं का गं?"

"घेतलं."

"लाव."

शेजारणीनं लावलं. लहानशा फोनमधून खासदाराचा आवाज आला, ते कामावर होते. मुक्ताबाईनं पदर तोंडात धरला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. मग तसंच रडत म्हणाली, "आजून येकदा लाव."