दारातला पाहुणचार

हप्त्याच्या दिवशी सकाळी थोरलीची गिरणी बंद असायची. अंगणात चटई पडायची, गटाच्या बायका जमायच्या आणि संस्थेचे भाऊ सायकल भिंतीला टेकवून पैसे गोळा करायचे. संस्था तशी चांगली. नफा कमवत नव्हती, तारण मागत नव्हती. बँकेने ज्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं, त्या बायकांना तिने कर्ज दिलं. त्यातूनच थोरलीची गिरणी उभी राहिली, साबणवालीची भट्टी पेटली, शिलाईवालीचं मशीन आलं आणि थोरलीच्या धाकट्या जावेने कोंबड्या पाळल्या. अट एकच होती. एकीचा हप्ता चुकला की पुढचं कर्ज सगळ्यांचंच अडणार.

या अटीला बायकांनी स्वतःच एक शेपूट लावलं होतं. जिचा हप्ता चुकेल तिच्या दारात जाऊन बसायचं आणि पैसे मिळेपर्यंत उठायचं नाही. त्याला त्या पाहुणचार म्हणत. नाव काय गोड! शिवीगाळ नाही, हाणामारी नाही. नुसतं बसायचं, भाजी निवडायची, खिदळायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बसण्याचं कारण सांगायचं. मागे शिलाईवालीकडे असा पाहुणचार झाला, तेव्हा तिने मुलीला शाळेतून काढून लोकांच्या धुण्याभांड्याला लावलं. हप्ता आला. वसुली पूर्ण झाली म्हणून भाऊंनी टाळ्या वाजवायला सांगितल्या, आणि गटाची प्रमुख म्हणून थोरलीने त्या सगळ्यांत आधी वाजवल्या.

आज धाकटीचा पत्ता नव्हता.

"तुमच्या जाऊबाई कुठं दिसत नाहीत?" साबणवालीने विचारलं. "की आपणच जायचं पाहुणचाराला?"

थोरलीला कारण ठाऊक होतं. धाकटीच्या कोंबड्यांना रोग लागला होता. जनावरांचे डॉक्टर कालच बजावून गेले होते, की उरलेल्याही मारून पुरा, वर चुना टाका, एकही पक्षी अंगणाबाहेर जाता कामा नये.

"भाऊ, तिच्यावर संकट आलंय. एवढा हप्ता पुढं ढकला ना," थोरली म्हणाली.

भाऊंनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वाईट गोष्टी न बघण्याची सवय लागली होती. "ताई, माझ्या हातात काय आहे? गट तुमचा, तुमचं तुम्ही ठरवा. मी थांबतो इथं."

काय ठरवायचं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्यात थोरलीचा स्वतःचाच हात दगडाखाली होता. गिरणीच्या मोटरीला जळका वास येऊ लागला होता आणि नवी मोटर नव्या कर्जाशिवाय येणार नव्हती. ती मुकाट्याने सगळ्यांबरोबर निघाली.

एरवी धाकटीच्या अंगणात बोललेलं ऐकू यायचं नाही, इतका कोंबड्यांचा कलकलाट. आज तिथे चिडीचूप होतं. पक्षी माना टाकून, डोळे मिटून उभे होते. तुरे निळसर पडले होते. धाकटी खड्डा खणत होती. बायका उंबऱ्यापाशी ओळीने बसल्या, तसा तिचा नवरा मागच्या दाराने सटकला.

"डोळ्यांनी बघताय ना गं?" धाकटी म्हणाली. "कुठून देऊ मी?"

"आम्ही कुठं काय म्हटलं?" साबणवालीने भाजीची जुडी सोडली. "आम्ही आपल्या पाहुण्या. होऊ दे तुझं निवांत."

रस्त्यावरची माणसं डोकावून जाऊ लागली. धाकटीने थोडा वेळ खणलं, मग फावडं टाकलं आणि घरात जाऊन कुणाला तरी फोन लावला. थोड्याच वेळात टेम्पो आला. व्यापाऱ्याने कोंबड्यांवर एक नजर टाकली. त्याला सगळं कळलं, पण कळल्याचं त्याने दाखवलं नाही.

"अर्ध्या भावात घेईन. जिवंत असतील तेवढ्याच."

"विकणार कुठं?" थोरलीने विचारलं.

"पलीकडच्या गावात. तिथल्या बायकांना तुमच्याच संस्थेचं कर्ज मिळालंय. कोंबड्या द्या म्हणून मागंच लागल्यात."

मग साबणवालीने भाजी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि जवळची एक कोंबडी पायांना धरून उचलली. "चला गं, हात लावा. लवकर आटपेल."

बघता बघता पाहुण्याच खोकी भरून टेम्पोत चढवू लागल्या. थोरलीनेही एक कोंबडी उचलली. तिचं अंग तापानं फणफणलं होतं, मान थोरलीच्या मनगटावर लोंबत होती. पलीकडच्या गावात कुणीतरी बाई उद्या हिला कर्जाच्या पैशाने विकत घेईल, कौतुकाने दाणे घालील, आणि मग एके सकाळी तिच्याही दारात पाहुण्या येऊन बसतील. थोरलीला स्वतःची किळस आली. तिने कोंबडी खड्ड्यात ठेवली.

"खोकी खाली उतरवा. एकही विकायची नाही."

"आणि हप्ता?" साबणवाली उसळली. "तुमच्या मोटरीचं काय?"

"जळू दे मोटर."

"माझ्या भट्टीला तेल नाही. कर्ज अडलं तर माझी पोरं काय खातील, तुमचं मोठेपण?"

"त्याला माझ्याकडं उत्तर नाही गं," थोरली म्हणाली. "पण हे रोगाचं खोकं दुसरीच्या घरात टाकणं हेही उत्तर नव्हे."

धाकटीने तिचे पाय धरले. "ताई, जाऊ दे टेम्पो. मला या सगळ्यांतच राहायचंय अजून."

थोरलीने फावडं उचललं आणि ती टेम्पोच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. व्यापाऱ्याला तमाशा नको होता. खोकी उतरली. थोरलीने स्वतःच्या हाताने पक्षी मारून पुरले, चुना टाकला आणि मातीच्या हातांनीच ती भाऊंसमोर आली.

"आज आमची वसुली पूर्ण नाही. का नाही ते वर कळवा, आणि पाहुणचाराचंही कळवा. तिचा हप्ता मी जमेल तसा फेडीन."

"पाहुणचार? असलं काही मला माहीत नाही बुवा," भाऊ म्हणाले आणि सायकल घेऊन निघाले.

कर्ज सगळ्यांचंच अडलं. चार दिवसांनी सकाळी थोरलीने गिरणीचं दार उघडलं, तर पायरीवर बायका ओळीने बसलेल्या. भाज्या निवडणं चाललं होतं. धाकटीचा हप्ता तिने अंगावर घेतला होता ना, आणि तो अजून फिटला नव्हता! ओळीच्या शेवटी, डोक्यावरून पदर ओढून, धाकटी बसली होती.

"गटानं सांगितलं, ताई," ती मान वर न करता पुटपुटली. "नाही आले तर पुन्हा माझ्याच दारात येतील."

थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राग यायला हवा होता, पण आली ती कीव, आणि तिच्या मागोमाग एक विचित्र धीर.

"बसा," ती म्हणाली. "पण ऐकून ठेवा. यापुढं जिच्या दारात तुम्ही बसाल, तिथं मीही येईन. मी आतल्या बाजूला बसेन, तिच्या शेजारी. धाकटे, तुझ्या दारातसुद्धा."

कोणी उठलं नाही. धाकटीही नाही. दळणाचे डबे घेऊन येणारी माणसं ती ओळ बघून लांबूनच मागे फिरू लागली. थोरलीने गिरणी बंद केली आणि ती उंबऱ्याच्या आत, त्यांच्याकडे तोंड करून, फतकल मारून बसली.