सकाली एक गोली

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही,” कंपाउंडर म्हणाला आणि विश्वास ठेवायलाच जमलेल्या चाळीसेक माणसांवरून त्यानं नजर फिरवली. “आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या डॉक्टरांचा आज माझ्या फोनवर निरोप आला.”

दवाखान्याची बाकं भरली होती, दारातही माणसं होती. डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करायला मात्र कुणी धजत नव्हतं.

त्यानं फोन टेबलावर ठेवला. तोच घोगरा, खोकल्यात अडखळणारा आवाज.

“उद्या सकाळी घराबाहेर पडू नका. मतदानाच्या शाळेत साथ आहे. मताला पुन्हा वेळ येईल, जिवाला नाही. काळजी घ्या.”

जिवंतपणी ज्यांच्या बोलण्याची गल्लीभर नक्कल व्हायची, त्यांचं बोलणं ऐकून आज कुणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाई पुढे सरकून फोनजवळ बसल्या. आठ महिने त्या या एका खोकल्यासाठी कान लावून बसल्या होत्या. “परत लाव,” त्या म्हणाल्या. मग आणखी एकदा.

“मेलेला माणूस खोटं कशाला बोलेल, वहिनी?” कंपाउंडर म्हणाला. “त्याला कुठे निवडून यायचंय?”

“पण गल्लीची साडेचारशे मतं घरी बसली, तर नळ देणारा उमेदवार पडणार, आपलं पाणी गेलंच समजा,” शिंपीकाका कुरकुरले. “तुम्ही सांगा, वहिनी. हे डॉक्टरच ना?”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. एक ‘हो’ म्हटलं, की हा आवाज घरी नेता आला असता. रोज ऐकता आला असता.

“ह्यांचे पेशंटना पाठवलेले जुने निरोप तुझ्या फोनवर आहेत,” त्या कंपाउंडरला म्हणाल्या. “एक लाव.”

“आता ते कशाला?”

“लाव.”

“सकाली एक गोली,” डॉक्टर म्हणाले. “संध्याकाली एक. कालजी करू नका.”

दारात कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं.

“हे निरोप कुणाला दिले होतेस?”

कंपाउंडरची मान खाली गेली. “समोरच्या पक्षाच्या प्रचार कार्यालयातली माणसं घेऊन गेली. श्रद्धांजलीला हवेत म्हणाली.”

“त्यावरून मशीननं गळा उचलला. शब्द दुसऱ्या कुणीतरी लिहून दिले.”

“पण आवाज तर त्यांचाच आहे,” शिंपीकाका पुटपुटले.

“शाळेत साथ आहे का, ते शाळेत जाऊन बघा ना, काका. चार पावलांवर तर आहे. माझ्या नवऱ्याला कशाला विचारता?” त्यांनी डोळे पुसले. “चाळीस वर्षं त्यांना ‘ळ’ म्हणता आला नाही. मेल्यावर कुठून यायला लागला?”