मधला हार

शहापूरचा परसू विणकर वर्षातून दोनदा लुगड्यांचं गाठोडं घेऊन आमच्या खानापूर भागात यायचा. लढाईपायी पुठ्ठा मिळेना झाला, तेव्हा बेळगावात वारलेल्या एका फोटोवाल्याच्या घरून त्यानं जुने फोटो रद्दीत आणले. जाड पुठ्ठ्यावर डकवलेले. लुगड्याच्या घडीत एकेक सारला की घडी ताठ बसायची.

गौरी-गणपती उरकले होते. दसऱ्यासाठी म्हणून गुणाबाईनं हिरवं लुगडं उलगडलं, आणि आतून तिचा नवरा निघाला.

दोन वर्षं रवळूचा पत्ता नव्हता. तो कणकुंबीकडच्या रानातल्या लाकडाच्या छोट्या रेल्वेवर कामाला होता. लढाई ऐन भरात असताना त्या गाडीचे रूळ उखडले. ते म्हणे समुद्रापार न्यायचे होते. गाडी थांबली, माणसं पांगली. रवळूचा थोरला भाऊ भावकू विचारत फिरला. कुणी म्हणालं, निपाणीला तंबाखूच्या वखारीत गेला. कुणी म्हणालं, रूळांबरोबर गेला. कुणी सांगितलं, तापानं फणफणला होता.

फोटोत रवळू खुर्चीवर बसलेला होता. गळ्यात झेंडूचा जाड हार, कपाळभर बुक्का, डोळे मिटलेले. मागं दहाबारा माणसं, सगळ्यांची तोंडं उतरलेली. त्यांच्यामागं ते छोटं इंजिन.

परसूचा हात गाठोड्यावरच राहिला. "आक्का, मला ठावं न्हवतं गं. पुठ्ठा म्हणून आणलंतं."

"आनी हाईत?"

त्यानं उरलेल्या घड्या सोडून पाहिल्या. त्याच गाडीचे आणखी दोन निघाले. एकात गवतात हरवत गेलेली नुसती वाट, रूळ काढून नेल्यावरची. दुसऱ्यात रूळांनी भरलेली लॉरी, वर बसलेली माणसं, सगळी पाठमोरी. तिन्ही तिच्यापुढं ठेवून परसू लुगडं न विकताच उठला.

भावकूनं फोटो उजेडाला धरला आणि तसाच खाली बसला.

"गेला गं," तो म्हणाला.

"कशावरनं, भावजी?"

"चिकोडीच्या बाजाराला जाताना बघितलंय म्या. लिंगायतांचं माणूस गेलं की असंच खुर्चीवर बसीवत्यात, हार घालत्यात, कपाळाला लावत्यात. रवळूचा मुकादम यमनाप्पा त्यांच्यातलाच न्हवं? जवळ आपलं कुणी न्हाय. त्येनी आपल्या रीतीनं, मायेनं केलं." त्यानं फोटोवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. "चांगलं केलं बापड्यानं. उघड्यावर टाकला न्हाय."

तसा बसवलेला माणूस गुणाबाईनंही एकदा पाहिला होता.

भावकू वाईट माणूस नव्हता. म्हाळाच्या दिवसांत सगळ्या पितरांना पान वाढायचं आणि धाकटा भाऊ दारात उपाशी उभा ठेवायचा, हे त्याला सोसवेना. त्यानं ठरवलं, एकादशी झाली की रीतीनं बांगड्या उतरवायच्या आणि अमावास्येला रवळूचं पान मांडायचं.

"आनी जिता असला तर?" गुणाबाईनं विचारलं. "जित्या माणसाचं पान कावळ्याला घालनार?"

"मग फोटूत डोळं उघडून का बसला न्हाय त्यो?"

गावानं अमावास्येची वाट पाहिली नाही. विहिरीवर जयाबाई सगळ्यांना कुंकू लावत आली आणि गुणाबाईपाशी आल्यावर करंडा मिटून घेतला. "ऱ्हाऊ दे आता," असं हळूच म्हणाली, तेही प्रेमानंच. त्या दिवसापासून गुणाबाई घरातून निघताना कुंकू थोडं मोठंच लावू लागली. रोज फोटो काढून बघायची. कधी वाटायचं झोपलाय, कधी वाटायचं नाही.

एकादशीला रवळनाथाच्या देवळात तिसऱ्या प्रहरी मारुतीरावबुवांचं कीर्तन होतं. बुवांचा आवाज म्हणजे काय सांगावं! नमनालाच माणूस आपलं घरदार विसरायचा. पूर्वरंगात बुवांनी नामाचा महिमा सांगितला. पूर्वरंग संपला, तसा पुजाऱ्यानं रिवाजाप्रमाणं मध्येच बुवांच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात झेंडूचा हार घातला. टाळकऱ्यांनी अभंग उचलला. आख्यानाआधी घटकाभर दम खायला बुवा पाटावर टेकले, चिपळ्या बोटांत तशाच, आणि डोळे मिटून घेतले.

बायकांच्या घोळक्यात गुणाबाई ताडकन उभी राहिली.

"भावजी!" ती भर देवळात ओरडली. "त्येच्या हातात काय हाय बघा! फोटूत! हातात काय हाय?"

टाळ थांबले. बुवांनी डोळे उघडले. "काय झालं, बाई?"

तिनं पदराखालून फोटो काढला. रोज ती तोंडच पाहत आली होती. मांडीवरच्या मुठीकडं आज पहिल्यांदा बघत होती. अंगठ्याच्या आणि बोटांच्या मध्ये चिपळ्या होत्या, उघड्या, वाजवता वाजवता थांबवल्यासारख्या.

बुवांनी फोटो देवापुढच्या समईजवळ नेऊन निरखला. "मेल्या माणसाच्या बोटात चिपळ्या अशा ऱ्हात न्हाईत. ह्यो मधला हार हाय," ते म्हणाले. "गाडीवरच्या लोकांनी शेवटच्या दिवशी कीर्तन लावलं असणार. पूर्वरंग झालाय. आख्यान व्हायचंय ह्येचं."

देवळात कुणीतरी नामाचा गजर केला. जयाबाईनं डोळे पुसले. कीर्तनावर जीव टाकणारा रवळू रानात काय करत असेल, हे आपल्याला कसं सुचलं नाही, असं जो तो म्हणू लागला. भावकू मात्र खांबाला टेकून बसला होता.

"जिता होता," तो म्हणाला. "मग घरला का आला न्हाय?"

गजर विरला. बुवांनी फोटो गुणाबाईच्या हातात परत दिला आणि आख्यानाला उभे राहिले.

आख्यान झालं, आरती झाली. गुणाबाई बुवांच्या पाया पडली आणि उठलीच नाही. "बुवा, मधला हार घातल्यावर बुवा फिरून उभंच न्हाय ऱ्हायलं तर?"

बुवा गोंधळले. मग म्हणाले, "कडोलीला एकदा एका बुवांना तशीच डुलकी लागली. उठवायचं कसं? टाळकरी आपलं अभंगावर अभंग म्हनत बसले."

"किती येळ?"

"उठंपर्यंत, बाई."

ती हसली. खूप दिवसांनी हसली. पण घरी आल्यावर तिनं उरलेले दोन फोटो काढले. ती नुसती वाट बाजूला ठेवली. लॉरीचा फोटो दारात उजेडाला धरला. रूळांच्या ढिगावर बसलेल्या पाठमोऱ्या माणसांत, कडेच्या एकाच्या मानेमागं जाड दोरीसारखं काहीतरी होतं. दोरी नव्हे. हाराची गाठ होती, आणि खाली लोंबणारा गोंडा.

तिनं भावकूला हाक मारली. त्यानं पाहिलं. ते उतरते खांदे त्याच्या ओळखीचे होते; धाकट्याला लहानपणी त्यानंच कडेवर घेतलं होतं.

"रूळांसंगं गेला," तो म्हणाला.

"व्हय. हार गळ्यात ठेवून गेला. त्येला कुनी मारलं न्हाय, ताप न्हाय, काय न्हाय." तिचा आवाज सपाट होता. "मागं वळूनबी बघितलं न्हाय."

"फोटूवाल्यानं हाक मारली असती तर बघितलं असतं," भावकू घाईघाईनं म्हणाला. "त्येला काय ठावं, मागनं कोन बघतंय."

अमावास्येला पितरांची पानं मांडली. रवळूचं मांडलं नाही. गुणाबाईनंच सगळ्यांना वाढलं, कपाळावर कुंकू, हातात बांगड्या. कावळा लवकर आला, पितर तृप्त झाले. भावकूनं ताटावर बसायच्या आधी विचारलं, "परसूला सांगून धाडू का? त्ये हिरवं लुगडं घेऊन टाकू दसऱ्याला."

गुणाबाई आमटीचं भांडं हातात धरून उभी राहिली.

"घ्या," ती म्हणाली. "पन घडीत आता पुठ्ठा नगं म्हनावं."